प्रतिभेचें ऋण

कलेच्या प्रांतांत जे कांहीं समज रूढ होऊन बसले आहेत, त्यांतील एक असा कीं, खरी प्रतिभा स्वयंभू असते. झरा जसा खडक फोडून आपल्याच बळानें वर येतो, तशी ती कलावंताच्या अंतःकरणांतून उसळते. तिला बाहेरच्या साधनाची वा सोबत्याची अपेक्षा नसते. हा समज मनाला सुखकर आहे, म्हणून तो टिकलाही आहे. परंतु याच्या पोटांतून दुसरा एक समज निघतो, व तो मात्र उपद्रवी आहे. तो असा कीं, ज्याला स्फूर्तीसाठीं नवें माध्यम हाताळावें लागतें किंवा दुसऱ्या कलावंताच्या दाराशीं जावें लागतें, त्याची आंतली पुंजी संपली असली पाहिजे. याचेंच व्यावहारिक रूप घरोघर ऐकूं येतें. मुलगा चित्रें काढतां काढतां मातीकाम करूं लागला, किंवा कविता लिहिणारी मुलगी कॅमेरा घेऊन हिंडूं लागली, कीं वडील माणसें 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण त्यांच्यापुढें टाकून मोकळीं होतात.

म्हणींत तथ्य अजिबात नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. हात एका ठिकाणीं मुरल्याखेरीज कला येत नाहीं, हें खरेंच आहे. परंतु म्हण जेथें संपते तेथेंच खरा प्रश्न सुरू होतो. नव्या साधनामुळें व सोबत्यांच्या संगतीमुळें जें सुचतें, तें कलावंताचें स्वतःचें म्हणावें कीं उसनें? आणि उसनें असेल, तर त्याची फेड कशी करावी? पहिला प्रश्न कलाशास्त्राचा आहे, दुसरा नीतीचा. आमच्या मतें दुसऱ्याचा विचार केल्याखेरीज पहिल्याचेंही उत्तर नीट हातीं लागत नाहीं.

प्रथम साधनाचा विचार करूं, आणि त्यासाठीं धुंडिराज गोविंद फाळके यांचें उदाहरण घेऊं. त्यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा व बडोद्याचें कलाभवन येथें त्यांनीं शिक्षण घेतलें. पुढें छायाचित्रण, नाटकाची रंगभूषा व पडदे, जादूचे प्रयोग, ठसे करणें, छपाई असे नाना उद्योग त्यांनीं केले; रंगीत छपाईचें तंत्र शिकण्यासाठीं ते १९०९ सालीं जर्मनीलाही जाऊन आले. नंतर भागीदारांशीं बिनसलें व चाळिशीच्या सुमारास छापखानाही सुटला. अशा वेळीं कोणी शेजाऱ्यानें त्यांना ती चिंध्यांची म्हण ऐकविली असती, तर तिला उत्तर देणें कठीणच होतें. त्याच दिवसांत, १९११ च्या सुमारास, मुंबईस ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक चित्रपट त्यांच्या पाहण्यांत आला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असतां आपल्या मनःचक्षूंपुढें राम आणि कृष्ण उभे राहात होते, असें त्यांनींच पुढें सांगितलें आहे. त्यानंतरची हकीकत सर्वश्रुत आहे. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ मध्यें लंडनला गेले व कॅमेरा घेऊन परत आले. पैसा पुरविणाऱ्याची खात्री पटावी म्हणून कुंडींतल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ दिवसेंदिवस टिपून त्यांनीं तिचा एक लहानसा चित्रपट केला. आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला.

आतां प्रश्न असा कीं, या नव्या माध्यमानें फाळक्यांना नेमकें काय दिलें? कथा दिली नाहीं; ती पुराणांत होतीच. कौशल्यही दिलें नाहीं; पडद्याचें, प्रकाशाचें, रसायनांचें व हातचलाखीचें ज्ञान त्यांनीं वीस वर्षें फिरून आधींच मिळविलें होतें. माध्यमानें दिली ती या सर्वांना एकत्र येण्याची जागा. ज्या चिंध्या म्हणून हिणविल्या गेल्या असत्या, त्यांचीच वाकळ शिवली गेली. आणि येथेंच 'उसनें कीं स्वतःचें' या वादाचें अर्धें उत्तर मिळतें. तो ख्रिस्तपट मुंबईंत कितीतरी लोकांनीं पाहिला असेल. ते पाहून घरीं गेले व जेवून निजले. एकालाच झोंप आली नाहीं. स्फूर्ति बाहेरून आली हें खरें, परंतु ती ज्याच्या घरीं उतरली त्याच्या घरांत तिच्यासाठीं पाट आधींच मांडलेला होता.

नवें साधन मन जागें करतें याला दुसरेंही एक कारण आहे. जुन्या साधनावर हात जसजसा बसत जातो, तसतसा तो मनाला विचारीनासा होतो. कवीला यमक आपोआप सुचतें, चित्रकाराची रेघ डोळ्यांनीं पाहण्यापूर्वींच वळते. ही सिद्धि होय. पण हीच झोंपही होय. नवें साधन हाताला अडवितें, आणि हात अडला कीं मनाला उठावें लागतें. रवींद्रनाथ ठाकुरांचें उदाहरण या दृष्टीनें फार बोलकें आहे. १९२४ च्या सुमारास 'पूरबी'तील कविता लिहीत असतां वहींतील खाडाखोड एकमेकींना जोडून ते तिच्यांतून विचित्र आकृति काढीत. शब्दांवर ज्याची निरंकुश सत्ता, त्याची रेघेवर तशी सत्ता नव्हती. आणि म्हणूनच त्या रेघा त्याला असें कांहीं दाखवूं लागल्या, कीं जें त्याच्या शब्दांनीं कधीं दाखविलें नव्हतें. त्या वहीकडे कौतुकानें पाहणारी अर्जेंटिनांतील लेखिका व्हिक्टोरिया ओकॅम्पो हिच्याच खटपटीनें १९३० सालीं पॅरिस येथें त्या चित्रांचें पहिलें प्रदर्शन झालें. तेव्हां कवि एकोणसत्तर वर्षांचे होते. एका वृद्धानें विद्यार्थी होण्याचें धाडस केलें, आणि एका स्नेह्याच्या दृष्टीनें त्या धाडसाला नांव दिलें.

तथापि येथें एक सावधगिरी हवी. नवें साधन हातीं घेणारे सगळेच या कोटींतले नसतात. पुष्कळजण जुन्या साधनाचा कंटाळा आला म्हणून नव्याकडे वळतात, आणि त्याचाही कंटाळा येईपर्यंतच त्यापाशीं थांबतात. आज तर संगणकाच्या पडद्यावर बोट फिरवितांच जलरंगापासून शिल्पापर्यंत सर्व कांहीं दिसूं लागतें, त्यामुळें हा मोह अधिकच सुलभ झाला आहे. दोहोंतला फरक ओळखण्याची खूण एकच. जो नव्या साधनाचा जाच सोसतो तो साधक. जो केवळ त्याची गंमत पाहतो तो प्रवासी. वाटाण्याच्या एका अंकुरापाशीं दिवसचे दिवस बसणाऱ्या माणसाला चंचल म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

आतां सोबत्यांकडे वळूं. कलावंतांच्या संगतीविषयीं आपल्याकडे फार गोड बोललें जातें. परंतु ती संगति नेहमींच गोड नसते. १८८८ च्या ऑक्टोबरांत फ्रान्समधील आर्ल या गांवीं व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या घरीं पॉल गोगॅं राहावयास आला. कलावंतांनीं एकत्र राहावें, एकमेकांच्या उजेडांत काम करावें, हें व्हिन्सेंटचें स्वप्न होतें. पाहुण्याच्या खोलीसाठीं त्यानें सूर्यफुलांचीं चित्रें काढून ठेविलीं होतीं. गोगॅं सांगे कीं चित्र स्मृतींतून व कल्पनेंतून काढावें. व्हिन्सेंटचा जीव समोरच्या झाडांत, खुर्चींत, माणसाच्या चेहऱ्यांत गुंतलेला. सुमारें नऊ आठवड्यांतच डिसेंबरअखेर त्या सहवासाचा जो भयंकर शेवट झाला, तो सर्वांस ठाऊक आहे. तो शेवट केवळ मतभेदानें झाला असें म्हणणें व्हिन्सेंटच्या आजारावर अन्याय करणारें होईल. परंतु संगतीपुरता बोध स्पष्ट आहे. सोबती आपल्याला आपल्यासारखें करण्यासाठीं येत नाहीं. तो स्वतःसारखा असतो म्हणूनच उपयोगी पडतो. ज्याला सोबत्यांत केवळ आपलें प्रतिबिंब हवें असतें, किंवा ज्याला सोबत्याला आपलें प्रतिबिंब करावयाचें असतें, त्याला संगतीचें फळ मिळत नाहीं.

याच्या उलट चित्र आपल्या कोल्हापुरांत दिसतें. बाबूराव व आनंदराव हे दोघे नात्याचे भाऊ नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्या धंद्यावरूनच 'पेंटर' हें नांव त्यांना चिकटलें. फाळक्यांचें चित्र पाहून पडद्यावरचें हलतें जग त्यांच्या मनांत भरलें, आणि कॅमेरा विकत घेण्यापेक्षां तो आपणच घडवावा अशा जिद्दीनें ते कामाला लागले. १९१६ सालीं आनंदराव अकालीं वारले. बाबूरावांनीं दामल्यांच्या मदतीनें तें काम तडीस नेलें, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, आणि १९२० सालीं 'सैरंध्री' पुण्यास झळकला. त्या कंपनींत विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, शांताराम वणकुद्रे अशी मंडळी तयार झाली. रंगविणारा सुतारकाम शिकला, सुतार प्रकाश शिकला, नट कात्री चालवावयास शिकला. १९२५ च्या 'सावकारी पाशा'मध्यें शेतकऱ्याचें दुःख शेतकऱ्याच्याच पोषाखांत दिसलें. ही सर्व विद्या कोणीं कोणाला दिली, याचा जमाखर्च मांडणें अशक्य आहे. एका घरांत पेटलेल्या समईवर दुसरी, दुसरीवर तिसरी लावावी, तसा तो प्रकार होता.

मग हें सारें अनुकरणच नव्हे काय, असें कोणी विचारील. या शंकेला नवव्या शतकांतील आनंदवर्धनानें फार मार्मिक उत्तर दिलें आहे. दोन कवींच्या कृतींत साम्य दिसलें तर तें तीन प्रकारचें असूं शकतें, असें तो सांगतो: बिंब व प्रतिबिंब यांच्यासारखें, माणूस व त्याचें चित्र यांच्यासारखें, आणि एकासारखा दिसणारा दुसरा जिवंत माणूस असावा त्यासारखें. पहिल्या दोहोंत स्वतंत्र प्राण नाहीं, म्हणून तीं टाळावीं. तिसऱ्यांत प्राण वेगळा आहे, म्हणून तें दोषास्पद नाहीं. वर्गांत हा भाग शिकवितांना आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे कीं, हा नुसता काव्यशास्त्राचा नियम नसून नीतीचाही आहे. भावंडांचे चेहरे सारखे असतात म्हणून कोणी त्यांना चोर म्हणत नाहीं. मात्र ज्यानें दुसऱ्याकडून घेतलें व त्यांत आपला प्राण ओतला नाहीं, त्यानें घेतलेलें ऋण नुसतेंच खाल्लें.

आतां सर्वांत अवघड प्रश्न. १९२९ च्या जूनमध्यें दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर या चौघांनीं बाबूरावांची कंपनी सोडून सीताराम कुलकर्णी यांच्यासह 'प्रभात'ची स्थापना केली. जुनी कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाहीं. ज्यानें शिकविलें त्याला सोडून जाणें ही कृतघ्नता नव्हे काय? या प्रश्नाला झटपट उत्तर देणाऱ्याचा आम्हांस विश्वास वाटत नाहीं. गुरूच्या घराची उणीव कोणत्याही यशानें भरून निघत नाहीं, आणि एका म्हाताऱ्या वडाखालची सावली रिकामी झाली याची खंत वाटलीच पाहिजे. परंतु ते तेथेंच राहिले असते तर काय झालें असतें, हेंही पाहावें. दामल्यांनीं ध्वनीची नवी विद्या आत्मसात केली, फत्तेलालांनीं रंगमांडणीची. आणि दोघांनीं मिळून १९३६ सालीं जो 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, त्याची १९३७ च्या व्हेनिस येथील महोत्सवांत वाखाणणी झाली. त्या चित्रपटांतील घर, म्हैस, चूल, आवलीचा त्रागा यांत 'सावकारी पाशा'चीच सत्यनिष्ठा बोलते आहे. शिष्य घर सोडून गेले, पण घरची विद्या घेऊन गेले व ती वाढवून लोकांना दिली. पितृऋण वडिलांना परत करून फिटत नाहीं; तें संततीला देऊन फिटतें, असें आपल्या परंपरेनें मानलें आहे. कलेचें ऋणही त्याच जातीचें आहे. यास्तव सोडून जाणें हा दोष नव्हे. जातांना नांव पुसून जाणें हा दोष होय.

आणि नांवें पुसण्याच्या बाबतींत आपण सारेच थोडेफार अपराधी आहोंत. फाळक्यांना आपण जनक म्हणतों, पण ज्या सरस्वतीबाईंनीं दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करून रात्रीं अंधारांत फिल्मला भोकें पाडण्याचें काम केलें, त्यांचें नांव किती मुखांत येतें? बाबूराव पेंटर म्हटलें कीं कॅमेरा आठवतो, पण त्या कॅमेऱ्याचें वेड ज्यानें बरोबरीनें वाहिलें व जो तें पुरें झालेलें पाहूं शकला नाहीं, तो आनंदराव किती वाचकांस आठवतो? प्रतिभा स्वयंभू आहे हा समज आपल्याला इतका प्रिय कां, याचें रहस्य कदाचित् यांतच आहे. झरा स्वयंभू मानला म्हणजे ज्या पावसानें तो भरला त्याचे आभार मानावे लागत नाहींत.

तात्पर्य, मुलानें कुंचला ठेवून चाक हातीं घेतलें, किंवा मुलगी चार समानधर्मी मित्रमैत्रिणींच्या बैठकींत रात्र रात्र रमूं लागली, तर वडील माणसांनीं म्हण पुढें करूं नये. त्यांनीं दोन प्रश्न विचारावेत. या नव्या साधनाचा जाच तूं सोसणार आहेस काय? आणि ज्यांच्याजवळून तूं घेतेस, त्यांचीं नांवें उद्यां चारचौघांत सांगणार आहेस काय? दोहोंचें उत्तर होकारार्थी आलें, तर चिंध्या कितीही असोत, त्यांची वाकळ होईल. आणि ती एकट्या शिवणाऱ्यालाच नव्हे, तर पुढच्या पिढीलाही ऊब देईल.