पहाटेचा वेळ कुणाचा?

आमच्या मंडळीतली तरुण पोरं मला नेहमी एक प्रश्न विचारतात. "काका, तुम्ही शास्त्रवाचनाला अन् प्रार्थनेला रोज वेळ कसा काढता? आम्हाला तर जमतच नाही." कुणी पुण्याला कंपनीत आहे, त्याची बस पावणेसहाला येते. कुणाच्या शिफ्टा बदलत्या. गावात राहणाऱ्याचं तरी काय? थ्री फेज लाईट रात्रीची असली की दोनला उठून मोटार चालू करायची, कांद्याला बारं द्यायचं. पाचला येऊन जरा अंग टाकावं तर गाया हंबरायला लागतात. पोरांचा प्रश्न खोटा नाही.

त्यांना वाटतं, काकांकडे काहीतरी युक्ती असेल. गजर लावा, मोबाईल लांब ठेवा, असलं काही. मी हसून वेळ मारून नेतो. कारण खरं उत्तर द्यायचं तर एका मेलेल्या वासराची गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगायला मला आजही जड जातं. आता वय पासष्टच्या घरात आलंय. लिहून टाकतो.

आम्ही नेवासे तालुक्यातले. नगरला अमेरिकन मिशनचं काम 1831 साली सुरू झालं, आणि पुढं हळूहळू आमच्यासारखी ख्रिस्ती घरं जिल्ह्यात गावोगाव झाली. आमचं घर आजोबांच्या वेळेला प्रभूकडं आलं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते सालगडी होते, अक्षरओळख नव्हती. पहाटे मालकाच्या गोठ्यावर जाऊन बैलांना वैरण टाकायचे आणि मानेवर जू ठेवायच्या आधी बैलाच्या पाठीवर हात टेकून डोळे मिटायचे. मिनिट, दोन मिनिटं. बस्स. आई जात्यावर बसायची. शेजारच्या बाया दळताना ओव्या म्हणायच्या, आई रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं म्हणायची. टिळकांनी (1861–1919) आपल्या मातीतल्या चालीवर रचना केल्या, म्हणून न शिकलेल्या बायांच्याही त्या तोंडात बसल्या. आईनं उपासना संगीताचं पुस्तक कधी उघडलं नाही. तिला गरजच पडली नाही.

मी 1977 साली दहावी झालो. घरात वाचता येणारा पहिला मीच. पाळकसाहेबांनी मला पवित्र शास्त्राची नवी प्रत दिली आणि रोज पहाटे एक अध्याय वाचायला सांगितलं. मी ते मनावर घेतलं. लग्न झालं, तीन एकर रान घेतलं, विहीर खोदली, दोन संकरित गाया आणल्या, तरी माझं बसणं चुकलं नाही. पाच ते पावणेसहा मी पडवीत दिवा लावून बसायचो. घरोघरच्या प्रार्थनेत मी मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढून लोकांना सांगायचो, की आपला प्रभूसुद्धा अंधार असतानाच उठून एकांतात गेला होता, तर तुम्हाआम्हाला काय झालं? लोक माना डोलवायचे. "लई नेमाचा माणूस," म्हणायचे. मला ते गोड लागायचं.

त्या पाऊण तासात घरात काय चालायचं, ते मी कधी बघितलं नाही. आमची मंडळी चारला उठायची. चूल पेटवायची, शेण काढायची, गव्हाणीत घास टाकायची, दोन्ही गायांच्या धारा काढायची. सातच्या आत दूध डेअरीवर पोचवायचं, नाहीतर संकलन बंद. पोरं लहान होती तेव्हा त्यांचं आवरणं, डबे करणं हेही त्याच वेळात. एखादं पोर रडलं की तिचा दबका आवाज यायचा, "गप, पप्पा प्रार्थनेला बसलेत." मला वाटायचं, घरात किती आदर आहे प्रार्थनेला.

डिसेंबर 2009. नाताळ आठवड्यावर आला होता. थंडी कडाक्याची. थोरल्या गायीचे दिवस भरले होते. मी पडवीत बसलेलो, आणि गोठ्यातून आवाज आला, "आवो, गाय आडलीय. वासरू उलटं हाय वाटतं. या लवकर."

मला ऐकू आलं. मी तळहात वर केला, थांब म्हणून. गोठ्यातून तिला माझा हात दिसायचं कारणच नव्हतं. तो हात मी माझ्यासाठीच वर केला होता. अध्यायाच्या आठ-दहा ओळी राहिल्या होत्या, मग प्रार्थना होती. सैतान नेमका अशाच वेळी लक्ष दुसरीकडं नेतो, असं मीच लोकांना शिकवत होतो. दहा-बारा मिनिटं गेली असतील.

मी गेलो तेव्हा ती एकटीच मागच्या दोन पायांना दोर बांधून, उंबऱ्याला पाय रेटून ओढत होती. दोघांनी मिळून ओढलं. वासरू आलं. कालवड होती. जीभ बाहेर, निळी पडलेली. उलटं धरलं, अंग चोळलं, नाकात काडी घातली. काही उपयोग झाला नाही. आठ वाजता जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी गाय तपासली आणि मला समजावून सांगितलं, की उलट्या वासराची नाळ आत दबते आणि डोकं तर आतच असतं, म्हणून मागचे पाय दिसल्यावर उशीर करून चालत नाही. त्यांना ठाऊक नव्हतं ते कुणाला सांगताहेत. हिनंही त्यांना काही सांगितलं नाही. खाली बसली आणि दुसऱ्या गायीची धार काढायला लागली.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू विचारतो, की शब्बाथाच्या दिवशी तुमचा बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला लगेच वर काढणार नाही का? या वचनावर मी तीनदा बोललो होतो.

त्या दिवसापासून मी बसणं सोडलं. विचारलं तर म्हणायचो, कामं वाढलीत. वर्ष तसंच गेलं. आता खरी लाजिरवाणी गोष्ट सांगतो. वाचलेला तो पाऊण तास मी गोठ्यात दिला नाही. उठायचो, फाट्यावर जायचो, चहाच्या टपरीवर पेपर वाचत बसायचो. कुठला उमेदवार पडणार, कांद्याचा भाव किती फुटला, यावर बोलायचो. देवाकडून काढून घेतलेला वेळ घराला मिळाला नाहीच. म्हणजे खोट प्रार्थनेत नव्हती, माझ्यात होती.

2010 च्या कार्तिकात आमचे शेजारी तात्या मला पहाटे रस्त्यात भेटले. माळकरी माणूस, काकड्याला मारुतीच्या देवळात चालले होते. म्हणाले, "भाऊ, हल्ली तुमच्या पडवीत दिवा दिसत नाही?"

म्हटलं, "कामं वाढली, तात्या."

"आमचा काकडा महिनाभराचा. तुमचा बारा महिने असायचा. तुमच्या दिव्यावर जाग यायची मला." एवढं बोलून ते गेले.

घरी येऊन मी हिला ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग बसा की. मी कधी नको म्हणले?" भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पण मला कधी बसू दिलं?"

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, की तू प्रार्थना कधी करतेस. तेव्हा विचारलं. म्हणाली, "कासेला हात लावताना करते. दुसरा वेळ कुठं हाय?" ती चौथी शिकलेली. घरात शास्त्राची प्रत होती, पण ती कायम माझ्या मांडीवर.

आपण 'वेळ काढणं' म्हणतो. मी शेतकरी माणूस, मला या शब्दातून विहीर दिसते. पाणी काढलं की कुठंतरी पातळी खाली जाते. आपल्या विहिरीतून काढलं तर आपली जाते, शेजाऱ्याच्या विहिरीत मोटार टाकली तर शेजाऱ्याची. मी इतकी वर्षं बायकोच्या विहिरीतलं पाणी उपसून देवाला वाहत होतो, आणि दान माझ्या नावावर मांडत होतो.

मार्था आणि मरीयेची गोष्ट आपल्याकडं बायांना फार सांगतात. मार्था कामात गुंतली, मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकत राहिली, आणि प्रभूनं मरीयेची बाजू घेतली. मीही सांगायचो. पण माझ्या घरात मरीया होऊन बसलो होतो मी. हिला मी मार्था करून ठेवलं होतं, आणि वर मरीयेसारखं व्हावं, असं तिलाच वाचून दाखवत होतो! मार्थेची तक्रार काय होती? सगळं काम माझ्या एकटीवर पडलंय, एवढीच. ती तक्रार प्रभूजवळ बोलून दाखवायची तिला मोकळीक तरी होती. आमच्या घरात तेवढीही नव्हती.

मग काम करणं हीच प्रार्थना, असं म्हणून मोकळं व्हावं का? पुष्कळ लोक म्हणतात. मला ते पटत नाही. माझं टपरीवरचं वर्ष मला आठवतं. त्या वर्षात मी चिडका झालो होतो, पोरांवर ओरडायचो, भावाशी बांधावरून भांडलो. रानातल्या इस्राएल लोकांना मान्ना रोज सकाळी गोळा करावा लागे. उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडत, ऊन चढलं की जमिनीवरचा वितळून जाई. ज्याच्या घरी दूध आहे त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. कालच्या बसण्यावर आजचा दिवस निघत नाही. बसायला तर पाहिजेच. दादांनासुद्धा त्या दोन मिनिटांची गरज होतीच. ती मिनिटं मालकाच्या कामातली नव्हती. तेवढ्यासाठी ते आधी उठायचे, म्हणजे स्वतःच्या झोपेतून द्यायचे.

आता आमच्या घरी असं आहे. साडेचारला दोघं उठतो. शेण आणि वैरण माझ्याकडं, धारा तिच्याकडं. दूध मी डेअरीवर घालून येतो, तोवर तिचा चहा होतो. सव्वासातला पडवीत बसतो. एक दिवस मी वाचतो, एक दिवस ती. ती ओळीवर बोट ठेवून वाचते, एक स्तोत्र वाचायला दहा मिनिटं लागतात. सुरुवातीला मला घाई व्हायची, पुढचा शब्द मीच सांगून टाकायचो. आता गप्प बसतो. पाऊण तासाचे पंधरा मिनिटं झाली, आणि अंधारातला एकांतही गेला. त्याची हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू? कालव्याला आवर्तन असलं, रात्रभर पाणी धरलं, की एखादा दिवस चुकतोही.

पोरांनो, तुम्ही विचारता म्हणून सांगतो. वेळ कसा काढायचा, याच्या आधी कुठून काढताय ते बघा. झोपेतून काढा, मोबाईलमधून काढा, टपरीतून काढा. ते तुमचं स्वतःचं पाणी आहे. पण तुम्ही डोळे मिटून बसलात आणि तेव्हाच आई तुमचा डबा भरत असेल, तर आधी उठून डबा भरा.

आज सकाळी वाचायची पाळी हिची होती. मधेच गोठ्यातून वासरू ओरडलं. मी उठायला लागलो तर तिनं हातानं मला बसवलं आणि स्वतः गेली. पायात दावं गुंडाळून घेतलं होतं त्यानं. सोडवून आली, पदराला हात पुसले, त्याच शब्दावर बोट ठेवलं आणि पुढं वाचायला लागली.