पात्र कोणी लिहिले?

'तो मी नव्हेच' हे तीन शब्द आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. आचार्य अत्र्यांचे हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आले. त्यातला लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर एकामागून एक पाच रूपे घेत आणि न्यायालयात मात्र प्रत्येक रूप अंगावरून झटकून टाकत. आपण पोट धरून हसत असू. फसवल्या गेलेल्या बायका त्याच रंगमंचावर साक्षीला उभ्या असतात, याचा हसताना विसर पडे.

गेल्या श्रावणात माझ्या शाळेतल्या दहावीच्या एका मुलाने जवळजवळ हेच वाक्य माझ्यासमोर उच्चारले, आणि मला हसू आले नाही.

प्रसंग असा. पाचवीपासून एका बाकावर बसणारी दोन मुले. एकाच्या घरात मराठी, दुसऱ्याच्या घरात कन्नड. आपसात दोन्हींची मिसळ. दोघे मिळून इंटरनेटवरचा एक खेळ खेळत. हजारो माणसे एकाच वेळी खेळतात, तसला. त्यात एक काल्पनिक राज्य असते. आपण आपले एक पात्र घडवायचे. कोणी योद्धा होतो, कोणी वैद्य, कोणी मांत्रिक, कोणी चोर. त्या नावाने वावरायचे, गट बांधायचे, लढायचे, संपत्ती जमवायची. या दोघांच्या गटात अकरा जण होते; बाकीचे नऊ कुठल्या कुठल्या गावांतले. सात महिने खपून त्यांनी एक सामायिक कोठार भरले आणि त्याची किल्ली आमच्या शाळेतल्या एका मुलाकडे ठेवली. एका रात्री त्याने ते कोठार रिकामे केले आणि माल घेऊन विरोधी गटात गेला. दुसरा मुलगा तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी त्याचे वडील आले आणि म्हणाले, "सर, शाळा बदलून द्या म्हणतोय. काय झालंय ते तुम्हीच विचारा."

मी पहिल्याला बोलावले.

"सर, ते मी नाही केलं. माझ्या कॅरेक्टरनं केलं."

"म्हणजे?"

"माझं कॅरेक्टर चोराचं आहे, सर. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत आहे. चोरानं चोरी केली नाही तर कॅरेक्टर खोटं होतं की."

आमच्या पिढीत कॅरेक्टर म्हणजे चारित्र्य. 'मुलाचे कॅरेक्टर चांगले आहे' असे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आजही मी लिहितो. हा मुलगा बोलत होता ते पात्राबद्दल. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, आपल्याकडे दोन. पात्राने केलेले कर्म चारित्र्याच्या खात्यावर पडते की नाही, हा त्याचा मुद्दा होता, आणि खरे सांगायचे तर तो मला लगेच खोडता आला नाही. दुःशासनाचे काम करणारा नट द्रौपदीचे केस ओढतो, म्हणून त्याला कोणी दुष्ट म्हणत नाही. निळू फुल्यांनी पडद्यावर किती घरांवर वरवंटा फिरवला! पडद्याबाहेरचा हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेला आणि सामाजिक कामाला वाहून घेतलेला होता. मुलगा ज्या युक्तिवादावर उभा होता, त्यावरच आपली सारी रंगभूमी उभी आहे. मी त्याला वर्गात पाठवून दिले. शिक्षा केली नाही. कोणत्या कलमाखाली करणार?

गणपतीला माझा भाचा बेंगळुरूहून आला. तो संगणकाच्या क्षेत्रातला, आणि लहानपणापासून या खेळांचा नादी. "मामा, हा वाद तुमच्या शाळेत आज आला. आमच्याकडे तो पन्नास वर्षे चालू आहे," असे म्हणून त्याने दोन संध्याकाळी मला जी माहिती दिली, ती एम.ए.ला तत्त्वज्ञान शिकलेल्या माझ्यासारख्याला नवी होती.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा, टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ काढला. त्यात प्रत्येक पात्राने आपली नैतिक बाजू आधीच ठरवायची असे. सुरुवातीला सुव्यवस्था, तटस्थता आणि बेबंदी अशा तीन बाजू होत्या. पुढे सुष्ट-दुष्ट हा भेद मिळवून त्यांच्या नऊ झाल्या. ठरवलेल्या बाजूला धरून वागणे हे चांगल्या खेळाडूचे लक्षण समजले जाई. 'मी काय करू, माझे पात्रच तसे आहे' ही सबब त्या टेबलाइतकीच जुनी आहे.

पुढे हे खेळ संगणकावर आले. रिचर्ड गॅरियट नावाच्या तरुणाची 'अल्टिमा' ही खेळमालिका गाजत होती. खेळाडू वाटेत दिसेल त्याला लुटत, मारत शेवटापर्यंत पोचतात आणि वर वीर म्हणवून घेतात, हे त्याला खटकू लागले. म्हणून १९८५ साली त्याने मालिकेतला चौथा खेळ वेगळा केला. त्यात शेवटी मारायला कोणी राक्षसच नव्हता. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, अब्रू, आत्मिकता आणि नम्रता असे आठ गुण अंगी बाणवणे, हेच साध्य. त्यात एक आंधळी विक्रेती आहे. तिच्याकडून जडीबुटी घ्यायची आणि किती पैसे दिले ते आपणच सांगायचे. कमी दिले तरी ती काही म्हणत नाही. माल मिळतो, खेळ पुढे सरकतो. परंतु खेळाला ते आठवत असते, आणि पुष्कळ पुढे गेल्यावर प्रामाणिकपणाच्या परीक्षेत आपण अडतो.

याच गॅरियटने सप्टेंबर १९९७ मध्ये त्याच राज्याची इंटरनेटवरची आवृत्ती खुली केली. आता तिथे हजारो जिवंत माणसे एकत्र आली. खेळ खुला होण्याआधीच्या चाचणीत, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, खुद्द गॅरियटचे राजाचे पात्र एका खेळाडूने भर समारंभात जाळून मारले. पुढे नवख्यांना गाठून लुटणे आणि मारणे हा कित्येकांचा नित्यक्रम झाला. खुन्यांची नावे लाल अक्षरांत दाखवून पाहिले. काहींना तो लाल रंग भूषण वाटू लागला. अखेर २००० साली राज्याचे दोन भाग करावे लागले. एकात संमतीशिवाय कोणी कोणावर हात टाकू शकत नव्हते, दुसऱ्यात पूर्वीचीच मोकळीक राहिली.

मला यातला विरोधाभास चटका लावून गेला. ती आंधळी विक्रेती म्हणजे संगणकातल्या चार ओळी. तिला फसवल्याने कोणाची चूल विझत नव्हती, तरी तिथे हिशेब ठेवला गेला. आणि जिथे फसणारा खरा होता, तिथे 'हा तर खेळ' म्हणून हिशेबाची वही मिटली.

भाच्याने आणखी एक घटना सांगितली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळातली एक खेळाडू प्रत्यक्ष आयुष्यात वारली. मार्च २००६ मध्ये तिच्या सोबत्यांनी खेळातल्या बर्फाळ प्रदेशात, पाण्याकाठी शोकसभा ठरवली. आधी जाहीर केली, कृपया त्रास देऊ नका अशी विनंतीही केली. पात्रे रांगेने उभी राहिली. इतक्यात विरोधी गट चालून आला आणि त्याने सर्वांना कापून काढले. वर त्याची चित्रफीत करून लोकांना दाखवली. त्यांचे म्हणणे होते, 'या जागी युद्धाला मुभा आहे. आम्ही शत्रूच्या भूमिकेत होतो, शत्रूसारखे वागलो.' नियमाच्या दृष्टीने त्यांचे काहीच चुकले नव्हते. मग वाचणाऱ्याच्या घशाशी काय अडते?

दोन गोष्टी अडतात, असे मला वाटते.

पहिली ही, की नाटकातले पात्र नाटककार लिहितो. नट ते बदलू शकत नाही. दुःशासनाला ऐनवेळी सुबुद्धी होण्याची सोय नाही. या खेळांत मात्र पात्र लिहिणारा आणि ते वठवणारा एकच असतो. 'माझे पात्र तसे आहे' याचा अर्थ 'मी काल तसे ठरवले' एवढाच. कालच्या आपल्या निवडीला आज मालक करायचे आणि आपण तिचे नोकर बनून हात वर करायचे! सातत्य हा स्वतः गुण नव्हे. भीष्मांच्या प्रतिज्ञेत खंड पडला नाही, आणि द्रौपदीच्या प्रश्नाला भर सभेत उत्तरही मिळाले नाही. ती सभासुद्धा एका खेळासाठीच भरली होती, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट मला दुसऱ्या मुलाने शिकवली. मी त्याला एकट्याला बोलावून विचारले, "अरे, तो चोराचं पात्र घेऊन खेळतो हे तुम्हाला माहीत होतं. मग किल्ली चोराकडे कशाला दिलीत?"

तो म्हणाला, "चोराकडे नाही दिली सर. माझ्या बाकावर बसतो त्याच्याकडे दिली. बाकीचे नको म्हणत होते. मीच सांगितलं, तो माझा मित्र आहे."

माझ्या चारशे पानी पुस्तकांत न सापडलेले उत्तर या चार वाक्यांत होते. चोराने चोराची कला दाखवून कोठार फोडले असते, तर तो खेळ झाला असता, आणि मित्रानेही कदाचित टाळी दिली असती. इथे कोठार उघडले ते बाकावरच्या मैत्रीने. विश्वास माणसावर ठेवला होता आणि तो वापरला पात्राने. त्या शोकसभेचेही तेच. शोक पात्राचा नव्हता, माणसाचा होता. समोरचा माणूस आपला मुखवटा बाजूला ठेवून आपल्यापाशी येतो, तेव्हा आपण मुखवट्याआडून वार केला, तर तो वार आपलाच असतो.

इथे लेख संपवता आला असता. परंतु हे लिहिताना मला एक बाई सारखी आठवत राहिली.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीतल्या एका मुलीची हजेरी कमी भरली. आई आजारी, लहान भावंडे, मुलगी घर सांभाळत होती. कारण दाखवून सवलतीसाठी वर शिफारस पाठवणे माझ्या हातात होते. तिची आई अंगात ताप असताना चालत आली. "सर, तेवढं बघा की. तीन वर्षं तुमच्या हाताखाली शिकलीया." त्याच महिन्यात मी एका मुलाला नकार दिला होता. एकाला एक आणि दुसऱ्याला एक, असे कसे करायचे? मी म्हणालो, "बाई, माझ्या मनात खूप आहे, पण मुख्याध्यापक म्हणून मला ते करता येत नाही." ती माऊली माझ्याकडे आली होती, मी तिच्याशी खुर्चीकडून बोललो. मुलगी परीक्षेला बसली नाही, पुढे शाळेतही आली नाही. आता ती बाजारात भाजी विकते. मला पाहिले की उभी राहून "नमस्कार सर" म्हणते. मी दुसऱ्या रांगेतून जाऊ लागलो होतो.

खेळातल्या पात्रांची नावे आपल्याला चमत्कारिक वाटतात. वाचकहो, आपली पात्रे काही कमी नाहीत. मुख्याध्यापक, कारकून, सासू, पंच, मोठा भाऊ. 'माझ्या जागी कोणीही असता तरी हेच केले असते' असे म्हणताना आपण सगळे चोराचेच वाक्य वापरत असतो.

मी त्या पहिल्या मुलाला पुन्हा बोलावले आणि त्याला ही गोष्ट सांगितली. उपदेशापेक्षा ती बरी, असे वाटले. त्याने खाली मान घालून ऐकले. मग विचारले, "चोराचं कॅरेक्टर घ्यायचंच नाही का, सर?"

"घे की. ज्यांना चोराशी खेळायचं आहे त्यांच्याशी चोर हो. मित्राने मित्र म्हणून दिलेली किल्ली मात्र चोराच्या हाती देऊ नकोस."

तो जायला वळला, दाराशी थांबला. "मग त्या ताईंना तुम्ही पुढं काय म्हटलंत, सर?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्याने कोठारातला उरलेला माल परत केला असे ऐकतो. बराचसा खर्ची पडला होता. दोघे अजून एका बाकावर बसत नाहीत. मी बसवलेलेही नाही.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी मी सरळ तिच्या टोपलीसमोर जाऊन उभा राहिलो. बाहेरून दहावीला बसता येते, फॉर्म मी आणून देतो, असे सांगितले. आणि हेही सांगितले, की त्या दिवशी तुझ्या आईला नियमाने नाही म्हटले नव्हते. नाही म्हणणारा मी होतो.

तिने मेथीची जुडी पिशवीत टाकली, पैसे मोजून घेतले. "बघू की, सर," म्हणाली.