सहा, सहा, सहा, चार

मावळातल्या एका गावात एसटीचे एक निवृत्त कंडक्टर राहत. बायको गेली आणि त्यांची वाचाच बसली. भेटायला येणारे म्हणत, "अण्णा, मन मोकळं करा." म्हणणाऱ्याचं काय जातं! मोकळं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नव्हतं.

भजनी मंडळाच्या बुवांनी उपदेश केला नाही. तुकोबांची गाथा हातात ठेवली. "रोज एक अभंग उतरवून काढा. अक्षर चांगलं ठेवा."

1630च्या दुष्काळात तुकोबांची थोरली बायको अन्नावाचून गेली, हे अण्णांनी कीर्तनात कितीदा ऐकलं होतं. आता त्याच माणसाचे शब्द त्यांच्या हातून कागदावर उतरू लागले. मग बुवांनी मोजणी शिकवली. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा; दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळलं पाहिजे. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. उभा जन्म गाडीत सीटं मोजण्यात गेलेला, बोटं आपोआप चालू लागली. झोप न येणाऱ्या रात्री अण्णा अक्षरं मोजत पडत.

मग ते स्वतःच अभंग जुळवू लागले. वही भरली. माया, भवसागर, नश्वर देह, आणि शेवटी हटकून 'तुका म्हणे'. बुवांनी चष्मा लावून सगळी वाचली.

"मोजणी चोख आहे. पण अण्णा, यात वहिनी कुठं आहेत?"

अण्णा चिडले. "मोठ्या माणसाचं बघून लिहिलं, त्यात चुकलं काय?"

"काहीच नाही. तुकोबांनीही आधी संतांची वचनंच पाठ केली होती, स्वतःच सांगून ठेवलंय त्यांनी. पण पाठ करून थांबले नाहीत ते."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सवयीनं चहाला दोन कप पाणी ठेवलं. रोजच ठेवत आणि उरलेला चहा मोरीत ओतत. आज बोटं वळली. 'चहाचं आधण.' सहा! पुढचे सहाही लगेच आले. तिसऱ्या चरणाला मात्र दुपार झाली. 'विरह', 'वियोग' असले भारी शब्द आधी धावून येत. यमकात बसेनात, म्हणून गळाले. त्या यमकाचे उपकारच म्हणायचे.

चहाचं आधण
ठेवतो दोघांचं
मग एकट्याचं
गाळतो मी

संध्याकाळी मंडळात वाचताना अण्णांचा आवाज फुटला. दहाव्या-तेराव्यालाही न आलेलं रडू चारचौघांदेखत आलं. बुवांनी टाळ बाजूला ठेवले, रडू दिलं. मग म्हणाले, "हा एक चौक झाला. पुढचा कुठाय? वहिनी चहा कसा करायच्या?"

"आलं जास्त घालायची. मला आवडायचं नाही. रोज भांडण."

"मग तेच लिहा की."

अण्णांनी नाक पुसलं, बोटं मोजली. "'आलं जास्त'... चारच होतात, बुवा."

"मग शेवटच्या चरणात घाला. आणि आधीचे तीन उद्या घेऊन या."