चिमूटभर मातीतले सात गुंठे

रानशेतच्या खाचरात, आवणीला अजून अवकाश असताना, बांधावर येऊन बसा. पायाजवळचं एक ढेकूळ उचला. डोळे मिटू नका. आज बघायचंच आहे.

ढेकळाच्या कोपऱ्यावर ओंजळीतून थेंबभर पाणी सोडा आणि थांबा. माती आधी गडद होते. मग किंचित फुगते. मग कडा आपोआप सुटते. दोन मिनिटं एवढंच बघत राहा. घाई कशाचीच नाही.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा झिजत झिजत जी चिकणमाती झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर सापडतं. वहीच्या पानांसारखे त्याचे पापुद्रे असतात, एकेक पापुद्रा मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा जाड. त्यांच्यामध्ये पाणी शिरतं, म्हणून माती फुगते. या खनिजाच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे पसरले तर साधारण साडेसातशे चौरस मीटर जागा व्यापतील. सात गुंठे. चिमटीत सात गुंठे रान. हे मनात नीट बसू द्या, मगच पुढे चला.

एवढ्या जागेवर काय काय येऊन टेकत असेल? 1940च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञ जे. डी. बर्नल यांनी सुचवलं होतं, की जीव जन्मण्याआधीचे विखुरलेले रेणू अशाच चिकणमातीवर एकत्र आले असतील. 1996 साली अमेरिकेत जेम्स फेरिस आणि सहकाऱ्यांनी या मातीवर आरएनएचे सुटे मणी पुन्हा पुन्हा घातले, आणि पन्नासच्या आसपास मण्यांची साखळी जुळली. नुसत्या पाण्यात असे मणी बहुतेक सुटेच राहतात. जीव असाच सुरू झाला, हे यावरून सिद्ध होत नाही. पण माती जुळवून आणते, हे दिसलं.

आता साखळीपाशी थांबा. साखळीवरून साखळी उतरवून घेताना एखादा मणी चुकतो. चुकला नसता तर पहिल्या साखळीसारख्याच साऱ्या साखळ्या झाल्या असत्या. भात नाही, चिकू नाही, बांधावर बसलेले तुम्ही नाही.

श्वास घ्या. तो छातीत जिथे पोचतो, तिथवर त्याच्याबरोबर जा.

माझ्या आत्याच्या फुफ्फुसात कर्करोगाची गाठ निघाली. तिने उभ्या जन्मात बिडी ओढलेली नाही. तपासणीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बिघाड दिसला. पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणारं बटण दाबलेलंच राहिलं होतं. तंबाखूला न शिवलेल्या माणसांत, बायकांत, हा बिघाड जास्त आढळतो. ते बटण धरून ठेवणारी रोज एक गोळी सुरू झाली. खोकला थांबला, आत्या पुन्हा अंगण सारवू लागली. दहा महिन्यांनी स्कॅनमध्ये गाठ परत वाढलेली. पहाटेच्या लोकलने परळला जाताना ती हळूच म्हणाली, “माझीच एखादी गोळी चुकली असेल रे.”

तिची एकही गोळी चुकली नव्हती. चुकलं होतं एक अक्षर. त्या जनुकात 2369व्या जागी ‘सी’ऐवजी ‘टी’. तेवढ्याने त्या जनुकावरून घडणाऱ्या प्रथिनातला 790वा मणी बदलतो, थ्रिओनीनच्या जागी मेथिओनीन येतो, आणि गोळीची पकड सुटते. पहिल्या पिढीच्या या गोळ्यांचा गुण ओसरलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत हाच बदल सापडतो.

बेणणी आठवा. हाताने तण काढताना भातासारखं दिसणारं गवत नजरेतून सुटतं, आणि बी टाकायला तेच उरतं. त्याने कुणाला फसवायचं ठरवलेलं नसतं. गाठीतही तसंच होतं. बाकीच्या पेशी मरतात, तो एक मणी बदललेल्या पेशी उरतात आणि वाढतात. रोगाने डाव साधला असं म्हणणं मला पटत नाही. आणि आजारी माणसाने स्वतःला दोष द्यावा, हे तर मुळीच सहन होत नाही.

आत्याला मग ओसिमर्टिनिब नावाचं दुसरं औषध मिळालं. ते त्याच प्रथिनातल्या 797व्या मण्याला, सिस्टीनला, घट्ट धरून बसतं. तिथे सिस्टीनच्या जागी सेरीन आलं की तीही पकड सुटू शकते. परळच्याच टाटा मेमोरियल रुग्णालयात वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी ईजीएफआरमध्ये बिघाड असलेल्या 350 रुग्णांवर पाहिलं, की नुसत्या जेफिटिनिबवर, म्हणजे पहिल्या पिढीच्या गोळीवर, रोग साधारण 8 महिने आवरला जातो, सोबत केमोथेरपी दिली तर 16. हे वाढलेले आठ महिने कागदावर आकडा म्हणून वाचू नका. त्यात एक पूर्ण पावसाळा मावतो. राब, आवणी, बेणणी, कापणी.

परवा आत्या कुडाच्या भिंतीला लेप देत होती. माती, शेण, वरून पाणी. मी तिला अक्षराचं सांगितलं. तिने हात थांबवला नाही. “म्हणजे मी काही केलं नाही,” ती म्हणाली. मी म्हटलं, “नाही गं आत्या.” कारवीच्या दोन काठ्यांमधली फट तिने अंगठ्याने बुजवली आणि पाण्याचा तांब्या मागितला.

तुमच्या हातातलं ढेकूळ आतापर्यंत सुटत आलं असेल. बोटांच्या फटींतून ते खाचरात उतरू द्या.