ऋण आणि पत

ऋण फेडणे हा भारतीय विचारात नुसता व्यवहार नाही, तो धर्म आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच माणूस जन्मतो, असे वैदिक परंपरा मानते. तुकोबांनी मात्र सावकारीची आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे सांगतात. म्हणजे ऋणकोला मोकळे करणे हाही धर्मच.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूपसारख्या ज्वारीच्या गावात पूर्वी पत शब्दावर ठरे. आता ती ३०० ते ९०० मधल्या आकड्यात मावते. २००० साली स्थापन झालेल्या, कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल कंपनीचेच नाव लोकांनी त्या आकड्याला दिले. हप्ते वेळेवर भरले, क्रेडिट कार्डाची मर्यादा थोडीच वापरली की तो सावकाश चढतो. तडजोडीने मिटवलेल्या कर्जापुढे पतअहवालात ‘सेटल्ड’ शेरा उरतो. जामीन राहिलेल्यालाही दुसऱ्याची थकबाकी भोवते.

हा आकडा तारीख पाहतो, हेतू पाहत नाही. पाऊस हुकल्याने थकलेला आणि मुद्दाम बुडवणारा त्याला सारखेच. हा त्याचा मोठा दोष. पण तो आडनाव विचारत नाही, आणि सावकाराच्या ओसरीवर हे कधीच घडले नसते.

पतअहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. फेडलेले कर्ज त्यात थकीत दिसल्यास लेखी तक्रार करून दुरुस्ती मागावी.