झिरप

आधुनिक शिक्षणाच्या आरंभी इंग्रज राज्यकर्त्यांनी भारतात जे धोरण स्वीकारले त्यामागे झिरपणीचा सिद्धान्त होता. समाजाच्या वरच्या थरातील थोड्या लोकांना उच्च शिक्षण दिले की ते ज्ञान आपोआप खालपर्यंत पाझरत जाईल, अशी त्यातील अपेक्षा. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात ही अपेक्षा फोल ठरल्याचे सांगितले, आणि शेतकऱ्यांच्या करातून उभा राहिलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होत असताना प्राथमिक शाळांकडे मात्र दुर्लक्ष होते, याकडे लक्ष वेधले. ज्ञान झिरपले नाही, हे खरेच. परंतु उच्च शिक्षणातील उणिवा त्याच उतारावरून बिनबोभाट खाली उतरत राहिल्या, ही गोष्ट पुढच्या चर्चेत फारशी आली नाही.

सोलापुरात हा उतार फार आखूड आहे. शिवाजी विद्यापीठातून वेगळे होऊन 2004 साली स्थापन झालेले आणि 2019 पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाणारे येथील विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते असल्याने, अक्कलकोटच्या किंवा सांगोल्याच्या शाळेतून बाहेर पडलेली मुलगी याच जिल्ह्यात पदवी घेते, येथेच बी.एड. करते आणि पुष्कळदा येथल्याच एखाद्या शाळेत फळ्यापुढे उभी राहते. गावाजवळ महाविद्यालय आल्यामुळेच अशा अनेक मुलींचे शिक्षण दहावीनंतरही सुरू राहिले, हा लाभ लहान नाही. मात्र त्या महाविद्यालयात काय शिकवले जाते आणि काय नुसते उरकले जाते, याचा हिशेब एका पिढीच्या आत शाळेत मांडला जातो.

उरकण्याची कारणे सर्वपरिचित आहेत. राज्यभर प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्याने बरेचसे अध्यापन तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच मानधन देऊन, चालते. ज्याची पुढच्या वर्षीची नेमणूक निश्चित नाही अशा अध्यापकाकडून ग्रंथालयात विद्यार्थ्यांबरोबर बसण्याची अपेक्षा कशी करावी? विज्ञानाचा विद्यार्थी प्रात्यक्षिकाची वही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवतो, कला शाखेचा विद्यार्थी मूळ ग्रंथ न उघडता 'अपेक्षित' प्रश्नसंचावर उत्तीर्ण होतो, आणि शिक्षक झाल्यावर दोघेही तीच रीत वर्गात नेतात, कारण शिकण्याची दुसरी रीत त्यांनी पाहिलेलीच नसते.

शिक्षक-प्रशिक्षणात हे अधिक उघडे पडते. महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यातून नेमलेल्या न्या. जे. एस. वर्मा आयोगाने 2012 साली दिलेल्या अहवालात देशभरातील शिक्षक-प्रशिक्षणाच्या दुरवस्थेवर बोट ठेवले. शिक्षण हक्क कायद्यानंतर राज्यात 2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली. 150 गुणांच्या या परीक्षेत शालेय विषयांवर आणि बालमानसशास्त्रावर प्रश्न असतात. तरीही अनेक वर्षी जेमतेम पाच टक्के किंवा त्याहूनही कमी उमेदवार पात्र ठरले, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ पदविका किंवा पदवी आधीपासूनच होती. प्रश्नपत्रिका अवघड होत्या असे म्हणावे, तर मग प्रथम श्रेणीची प्रमाणपत्रे कशाची साक्ष देतात? 2019-20 च्या परीक्षेतील गैरप्रकारात 7,800 हून अधिक उमेदवार दोषी ठरवले गेले. या प्रकाराकडे केवळ फौजदारी गुन्हा म्हणून पाहिले गेले. पदवीने आत्मविश्वासही दिला नाही आणि नोकरीही दिली नाही, हा त्यातील शैक्षणिक भाग बाजूलाच राहिला.

सोलापूरला याहून सूक्ष्म अशी एक उणीव विशेष भोवते. शहराच्या पूर्व भागात विणकर पद्मशाली कुटुंबांच्या घरी तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड, आणि यांतील पुष्कळ मुले मराठी माध्यमाच्या शाळेत येतात. मराठीची पदवी मात्र बव्हंशी साहित्याच्या इतिहासाची आणि वाङ्मयप्रकारांची असते. मराठी ही दुसरी भाषा म्हणून कशी शिकवावी, शेजारच्या भाषांशी तिचे व्याकरण कोठे जुळते व कोठे अडते, याला तीत फार थोडी जागा मिळते. तेलुगूत एकवचनी स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग यांचे क्रियापद एकच असते, त्यामुळे 'ती आली' आणि 'ते आले' यांत त्या घरातले मूल गोंधळते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सामान्यतः नपुंसकलिंगी असल्याने खुर्ची 'ती' आणि दगड 'तो' का, हे कन्नड बोलणाऱ्या मुलाला उमगत नाही. या चुकांमागे पक्का नियम आहे आणि तो ठाऊक असलेला शिक्षक त्या काही तासांत दूर करू शकेल. तो नियम ज्याला पदवीच्या तीन वर्षांत कोणी दाखवलाच नाही, तो शिक्षक चुकीखाली लाल रेघ ओढतो, शुद्ध वाक्य दहा वेळा लिहून आणायला सांगतो आणि प्रगतिपुस्तकात 'भाषा कच्ची' असा शेरा मारतो.