खटक्याची मालकी

मोबाइलच्या कॅमेऱ्याला उघडझाप करणारा पडदा नसतो. बटण दाबलं की आतल्या चिमुकल्या सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची नोंद एकामागून एक ओळ अशी वाचली जाते आणि फोटो तयार होतो. पडदा नाही, आरसा नाही, त्यामुळे आवाज व्हायचंही काही कारण नाही. तरी आपल्याला जो 'खच्चक' ऐकू येतो तो आधीच मुद्रित करून ठेवलेला असतो, स्पीकरमधून वाजवला जातो. ॲपलच्या उपकरणांमधला हा आवाज जिम रीक्स या ध्वनिरचनाकाराने स्वतःच्या कॅनन एई-१ या जुन्या कॅमेऱ्यावरून मुद्रित केला होता. तो कॅमेरा १९७६ साली बाजारात आला. त्यातला कापडी पडदा सरकायचा, आरसा वर उचलला जायचा आणि परत खाली बसायचा, त्या सगळ्याचा मिळून तो खटका. आज ज्यांनी फिल्मचा रोल कधी हातात धरलेला नाही, त्यांच्या खिशातही तो वाजतो आहे.

तो बंद करायचा तर अर्ध्या मिनिटाचं काम. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शटरच्या आवाजाचं बटण सापडतं, नाहीतर फोन सायलेंट केला की भागतं. बंद करणाऱ्यांपैकी बहुतेकांची कारणंही साधी आणि चांगली असतात. बाळ नुकतंच झोपलेलं असतं. ग्रंथालयात जुन्या अंकाची पानं टिपून घ्यायची असतात. सवाई गंधर्व महोत्सवात विलंबित आलाप चाललेला असताना पुढच्या रांगेतून कोणाचा तरी फोन खटखटला की गाणाऱ्याचाच नव्हे, ऐकणाऱ्या सगळ्यांचा धागा तुटतो. भिगवणला पाणपक्षी टिपायला जाणारी मंडळी तर हल्ली मुद्दाम बिनआवाजाचे कॅमेरे वापरतात, कारण पक्षी दचकला की उडतो आणि चरणं सोडून उडणं त्याला महागात पडतं.

या पक्ष्यापाशी मला थांबावंसं वाटतं. इथे कॅमेरा मुका ठेवला तो ज्याचा फोटो निघतो आहे त्याची काळजी म्हणून. माणसाच्या बाबतीत हेच उलटं होतं. ज्या आवाजाने पक्ष्याला त्रास होतो त्याच आवाजाने माणसाला खबर मिळते, आणि खबर मिळालेला माणूस काहीतरी करू शकतो. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारायला हवा, की समोरच्याला काय हवं आहे. आपण मात्र आवाज चालू की बंद, हे फोन हातात असलेल्याच्या सोयीने ठरवतो. मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे की तो खटका फोटो काढणाऱ्याचा नव्हेच. फोटो निघाला हे त्याला पडद्यावर दिसतंच. ते दिसत नाही ते समोरच्याला. खटका त्याच्यासाठी आहे आणि तो बंद करायचं बटण मात्र त्याच्या हातात नाही.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुणं सोडून दिवे घाट चढते, तेव्हा घाटाच्या वळणावळणांवर कॅमेरे लागलेले असतात. मोठ्या कॅमेऱ्यांचा खटका काही पावलांवर सहज ऐकू येतो. डोक्यावर तुळस घेतलेली एखादी म्हातारी तो ऐकते, मान वळवते आणि मग पुढचा क्षण तिचा होतो. कधी ती पदर सारखा करते. कधी तोंड फिरवून सरळ चालू लागते. कधी "काय काढतोयस रं? दाखव की," म्हणत थांबते, छोट्या पडद्यावर स्वतःला बघते आणि सोबतिणीला हाक मारते. कधी दोन्ही हात जोडते, कारण वारीत भेटेल तो माउलीच. या प्रत्येक वेळी एक नातं तयार होतं, भले ते चार सेकंदांचं असेल. काढणाऱ्याला समजतं की समोर माणूस आहे आणि त्याचंही काही म्हणणं आहे. म्हातारीला समजतं की आपला चेहरा कुठेतरी निघाला आहे.

मुका फोन हा क्षणच काढून घेतो. फोटो तोच निघतो, कदाचित जास्त चांगलाही, पण म्हातारी पुढे निघून जाते आणि तिला काहीच कळत नाही. तिचा सुरकुतलेला चेहरा पुढे कोणाच्या तरी भिंतीवर, कोणत्या तरी स्पर्धेत, कुठल्या तरी जाहिरातीच्या कोपऱ्यात जाऊन बसेल. तिच्या वयाला 'श्रद्धा' किंवा 'कष्ट' असं शीर्षकही मिळेल. ते शीर्षक तिला मान्य आहे का, हे विचारायची पहिली आणि बहुधा शेवटची संधी त्या खटक्याच्या वेळी होती.

फोटोच्या जाणकारांचं यावर एक उत्तर असतं आणि ते हलकं नाही. ते म्हणतात, माणसाला कळलं की तो बदलतो. चेहरा ताठ होतो, हसू ओढून आणलेलं होतं, आणि जे टिपायचं होतं ते निसटतं. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकते भाग काळ्या पट्टीने झाकायचे, कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. त्या लायकाचा खटकाही इतर कॅमेऱ्यांच्या मानाने फार हळू. त्या छोट्या, शांत कॅमेऱ्याने विसाव्या शतकाला रस्त्यावरच्या माणसाचे जे फोटो दिले ते नसते तर आपण गरीब राहिलो असतो, हे मला मनापासून मान्य आहे. पण खटका वाजतो तेव्हा फोटो निघून गेलेला असतो. खटक्याने तो सहज क्षण बिघडत नाही, बिघडला तर त्याच्या पुढचा बिघडतो. खटका म्हणजे परवानगीही नव्हे. तो फक्त झालेली गोष्ट जाहीर करतो. सहज फोटो हवा आणि समोरच्याला कधीच कळायला नको, या दोन मागण्या एकत्र बांधलेल्या असतात. पहिली कलेची आहे. दुसरीला कलेचा आधार मला तरी सापडलेला नाही.

ही काळजी मोबाइलपेक्षा बरीच जुनी आहे. जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली कोडॅक कॅमेरा आणला आणि तिवई, काळं कापड, समोरच्याने श्वास रोखून बसणं हे सगळं अनावश्यक झालं. तोवर कोणाचाही फोटो त्याच्या सहकार्याशिवाय निघणं जवळजवळ अशक्य होतं. तिवई मांडून बसलेला माणूस लपत नाही. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये खासगीपणाच्या हक्कावरचा लेख लिहिला. पुढे जगभरच्या कायद्यांनी ज्याचा आधार घेतला त्या लेखामागच्या कारणांमध्ये झटपट निघणारे फोटो हे एक ठळक कारण होतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं, त्या विचाराची एक मुळी अशी कॅमेऱ्यापर्यंत जाते.

खटक्याची सक्ती करून पाहिली ती जपान आणि दक्षिण कोरियाने. जपानमध्ये २००० साली शार्पने बनवलेला कॅमेऱ्याचा फोन जे-फोन या कंपनीने बाजारात आणला आणि लवकरच लोकलमध्ये, जिन्यांवर बायकांचे चोरून फोटो काढण्याचे प्रकार वाढू लागले. तिथे आवाजासाठी कायदा झाला नाही. फोन कंपन्यांनी आपसात ठरवल्यासारखा तो पायंडा पाडला आणि आजही जपानमध्ये विकलेला आयफोन सायलेंट केला तरी फोटो काढताना वाजतो. कोरियात २००४ साली दूरसंचार क्षेत्राच्या संघटनेने मानक ठरवलं, की आवाज ६० ते ६८ डेसिबल असावा. अमेरिकेतही २००९ साली असं विधेयक मांडलं गेलं होतं, पण ते पुढे सरकलं नाही.

या सक्तीने काय साधलं? थोडंफार निश्चित साधलं असणार. गर्दीच्या डब्यात खटका वाजला की चार माना वळतात, आणि ज्याला चोरून काढायचा असतो तो त्या चार मानांनाच घाबरतो. पण बिनआवाजाची ॲप आली. ज्याच्या मनात वाईट आहे तो ती शोधून काढतो, आणि सक्तीचा खटका उरतो जेवणाच्या ताटाचा फोटो काढणाऱ्याच्या नशिबी. कोरियातल्या नागरी हक्क आयोगाने २०२३ साली लोकांचं मत विचारलं तेव्हा सुमारे ८५ टक्के लोकांनी आवाज बंद करायची मुभा हवी असं सांगितलं. त्याच वर्षी जपानने चोरून केलेल्या लैंगिक चित्रीकरणाविरुद्ध देशपातळीवर स्वतंत्र कायदा लागू केला. आवाजाचा पायंडा वीसेक वर्षं असूनही असा कायदा लागला, ही गोष्ट बोलकी आहे.

सक्तीविरुद्धचं सगळ्यात वजनदार कारण मात्र वेगळं आहे. मुका कॅमेरा दुबळ्याच्याही कामाचा असतो. घरात मार खाणाऱ्या बाईला फुटलेल्या दाराचा, टेबलावर आपटलेल्या बाटलीचा पुरावा ठेवायचा असतो, आणि शेजारच्या खोलीत खटका ऐकू गेला तर तिची धडगत नसते. बसमध्ये मागे लागलेल्या माणसाचा चेहरा टिपून घेणाऱ्या मुलीलाही तो खटका नको असतो. रात्री नदीपात्रातून वाळू उपसणाऱ्या डंपरचा नंबर टिपणाऱ्या गावकऱ्याला तर नकोच नको. या तिघांना वाजणारा फोन देणं म्हणजे त्यांच्या हातातलं एकमेव साधन काढून घेणं. म्हणून मी सक्तीच्या बाजूची नाही. आवाज बंद करणं हे मुळात वाईट, असं मला वाटत नाही. बलवानासमोर फोन मुका करणं आणि झोपलेल्यासमोर, थकलेल्यासमोर, अनोळखी म्हातारीसमोर फोन मुका करणं यात जो फरक आहे तो कोणत्याही सेटिंगला समजत नाही. तो फोन धरणाऱ्यालाच समजावा लागतो.

आपला कायदा यातल्या एका टोकाला पक्का पकडतो. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१३ साली भारतीय दंड संहितेत ३५४-क हे इंग्रजी 'सी' अक्षराचं कलम आलं आणि आता भारतीय न्याय संहितेत ते ७७ वं कलम आहे. जिथे कोणी पाहत नसेल अशी बाईची रास्त अपेक्षा असते तिथे तिच्या खासगी कृतीचा फोटो काढला तर पहिल्या गुन्ह्याला १ ते ३ वर्षं, पुन्हा केला तर ३ ते ७ वर्षं शिक्षा. या कलमातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग त्याच्या स्पष्टीकरणात आहे. बाईने फोटो काढायला संमती दिली, पण तो इतरांना दाखवायला दिली नव्हती, तर दाखवणं हा गुन्हाच. काढणं वेगळं आणि पसरवणं वेगळं, हे कायद्याने ओळखलं आहे.

पण विरार लोकलमध्ये रात्रपाळी करून तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसाचं काय? तो सार्वजनिक जागी आहे, त्याच्या कपड्यांना धक्का लागलेला नाही, कलम ७७ त्याच्यापर्यंत येत नाही. समोरच्या बाकावरून कोणी मुक्याने त्याचा फोटो घेतो, खाली एक ओळ लिहितो आणि वसईच्या आत तो शेकडो फोनवर पोचतो. संध्याकाळी त्याचीच मुलगी तो फोटो त्याला दाखवते. त्याचं काय नुकसान झालं, असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारीन की त्या घरात त्या संध्याकाळी काय झालं असेल याची कल्पना करून बघा. झोपलेला माणूस खटक्यानेही कदाचित उठला नसता. पण शेजारचा उठला असता, किंवा निदान त्याने वळून पाहिलं असतं. 'अरे, कशाला काढतोस बिचाऱ्याचा' हे वाक्य आपल्या लोकलमध्ये आजही बोललं जातं. ते बोलणाऱ्याला आधी कळावं लागतं.

शिवाय खटका चालू ठेवला तरी तो हल्ली पूर्ण खरं सांगत नाही. आयफोनमधला लाइव्ह फोटो बटण दाबायच्या आधीचा दीड सेकंद आणि नंतरचा दीड सेकंदही साठवतो. बटण दाबायच्या आधीपासूनच फोन पाहत असतो. व्हिडिओ चालू असेल तर त्यातली हवी ती चौकट नंतर उचलता येते. एक क्षण, एक खटका, एक फोटो हा जुना हिशेब मोडला आहे, आणि केवळ शटरच्या आवाजावर फार भार टाकता येणार नाही हे मला दिसतं. तरीही जोवर तो वाजतो तोवर त्याचं एक काम चालू राहतं. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही तो कळतो, कारण गेल्या तीन पिढ्यांत लग्नात, जत्रेत, स्टुडिओत प्रत्येकाने तो ऐकलेला आहे.

आता कॅमेरा चष्म्यात आला आहे. रे-बॅन आणि मेटाचे असे चष्मे २०२५ पासून भारतातही विकले जातात. हातात काही धरायचं नाही, डोळ्यासमोर काही उचलायचं नाही. फ्रेमवरच्या बटणाला बोट लावलं की झालं. समोरच्याला कळावं म्हणून कंपनीने फ्रेमवर छोटा पांढरा दिवा ठेवला आहे. फोटो काढताना तो लागतो आणि झाकला तर कॅमेरा काम करत नाही, अशी व्यवस्था आहे. प्रयत्न प्रामाणिक असेल. पण दिवा दिसण्यासाठी समोरच्याने त्या चष्म्याकडेच पाहायला हवं, आणि आवाजाचं तसं नव्हतं. तो पाठमोऱ्यालाही गाठायचा. दुपारी बाराच्या उन्हात, मंडईच्या बाहेर पालेभाजीच्या जुड्या बांधत बसलेली बाई मान खाली घालून काम करत असते. तिने मान वर केलीच, तर तिला एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर ठिपक्याएवढा उजेड दिसेल. त्या उजेडाचा अर्थ काय, ही माहिती चष्मा विकत घेणाऱ्याला मिळते. जुड्या बांधणाऱ्या बाईला ती द्यायची जबाबदारी कंपनीने, दुकानदाराने की चष्मा घालणाऱ्याने घ्यायची, हे अजून कोणी ठरवलेलं नाही.